एल्कच्या शिकारीत ग्रिझलीशी गाठ: नेमकी काळजी काय घ्यायची?

गॅलॅटिनकर
मुक्काम बोझमन, मोंटाना (अमेरिका). येत्या सप्टेंबरात कंपाउंड बो (कप्प्यांचं धनुष्य) घेऊन एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जायचा बेत आहे. कस्टर गॅलॅटिन नॅशनल फॉरेस्ट, दोघं जण, गाडीपासून चार-पाच मैल आत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेचा पट्टा, म्हणजे ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) असणारच. ट्रेकवाल्यांसाठीच्या सूचना पाठ आहेत: आवाज करत चाला, घोळक्याने राहा, पहाटे-संध्याकाळी रान टाळा. पण शिकारीला नेमकं ह्याच्या उलट वागावं लागतं. वारा तोंडावर घेऊन, अंगाचा वास लपवून, अंधारात, चिडीचूप. वर एल्कच्या मादीचा आवाज काढून जनावराला बोलवायचं! मग जमण्यासारखं काय उरतं? आणि अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे ठेवावा की पिस्तूल? जाणकारांनी लिहावं.

रानवाट
माग काढताना धोका आहेच, पण खरी वेळ बाण लागल्यानंतर सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात अस्वलं थंडीच्या झोपेसाठी चरबी साठवत असतात, दिवसाचा बहुतेक वेळ खाण्यातच जातो. अशा वेळी सोललेला एल्क म्हणजे त्यांना आयतं ताट.

आधी हिशेब करा. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण ९० किलो धरा. चढउताराच्या रानात पाठीवर माणशी ३० किलो म्हणजे भरपूर झालं. दोघांच्या एका खेपेत ६० जातात, ३० मागे राहतात. पाच मैल बाहेर आणि पाच मैल परत, म्हणजे सहा-सात तास मांस एकटं. अंधार पडला तर रात्रभर. म्हणून माझं स्पष्ट मत: दोघंच असाल तर दीड-दोन मैलांपलीकडे जनावर पाडू नका. जायचंच असेल तर खेचराची सोय किंवा आणखी दोन माणसं आधीच बोलून ठेवा.

धनुष्याच्या शिकारीत आणखी एक अडचण असते. बाण फुप्फुसात बसला तर अर्धा तास थांबून माग काढता येतो. यकृतात बसला तर चार-सहा तास, कोथळ्यात गेला तर आठ-बारा तास थांबावं लागतं. तेवढ्यात अस्वल आधी पोचू शकतं. संध्याकाळी मारलेलं जनावर सकाळी शोधायला निघाल तेव्हा ‘तिथे अस्वल आहे’ असं धरूनच निघा.

कापताना पोट फाडायचं नाही. जनावर कुशीवर असतानाच कण्याच्या रेषेवर कातडी चिरून खाली सोलत न्या. पुढचा पाय खांद्यासकट सुटतो, तिथे सांधा नसतो. मागचा पाय खुब्यातून काढा, मग पाठीचा लांब पट्टा आणि मानेचं मांस. जनावर उलटवून दुसरी बाजू तशीच. आतल्या बाजूचे दोन मऊ तुकडे शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघतात. सवय असेल तर दोघांना तासा-दीड तासाचं काम. पण दोघांनी एकदम वाकायचं नाही. एकाने सुरी धरायची, दुसऱ्याने आळीपाळीने चहूकडे नजर ठेवायची. दोघांच्या माना खाली गेल्या की अस्वल वीस पावलांवर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

मग मांस गेम बॅगांत (मांसाच्या कापडी पिशव्यांत) भरून सांगाड्यापासून निदान १०० यार्ड लांब न्या. जागा अशी निवडा की परत येताना दोन-तीनशे यार्डांवरून दुर्बिणीत दिसेल. दाट झुडपात लपवलेलं मांस म्हणजे स्वतःसाठीच लावलेला सापळा. झाड असेल तर जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट बाहेर टांगा. एक मागचा पाय हाडासकट पंचवीस-तीस किलोचा असतो, त्यामुळे १५ मीटर दोर आणि छोटी कप्पी बरोबर हवी.

परतताना आधी दुरून पाहा. डोमकावळे आणि मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातले पक्षी) सांगाड्यावर बसून टोचत असतील तर बहुधा मैदान मोकळं आहे. ते वरच्या फांद्यांवर कलकलाट करताहेत, पण खाली उतरत नाहीत, तर कोणीतरी ताटावर बसलेलं आहे. मांसावर माती, गवत, फांद्या ओढून ढीग केलेला दिसला तर ग्रिझलीने ते आपलं म्हटलंय. भांडू नका, आल्या वाटेने मागे फिरा आणि वन्यजीव खात्याला कळवा. असा ढीग नसेल आणि जवळ जायचं असेल तर ह्या वेळी वारा पाठीवर घ्या, हाका मारत जा. आता तुमचा वास त्याला आधी लागलेला बरा.

मिरचीपूड
स्प्रेबद्दल. डब्यावर ‘बेअर स्प्रे’ आणि ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) नोंदणी असलेलाच घ्या; माणसांसाठीचा पर्समधला फवारा इथे उपयोगाचा नाही. कॅप्सायसिन वर्गातली द्रव्यं १ ते २ टक्के, वजन निदान २२५ ग्रॅम, निदान ६ सेकंद चालणारा. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांच्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्याच जातीतली) तो ९२ टक्के वेळा कामी आला, आणि जवळच्या गाठीत वापरणाऱ्या ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. पिस्तुलाला माझा विरोध नाही, पण ताशी ५० किलोमीटरच्या वर धावणारं जनावर ३० मीटर दोन-सव्वादोन सेकंदांत कापतं. तेवढ्यात हलत्या डोक्यावर नेम धरायचा की समोर ढग उभा करायचा, ते आपापल्या सरावावर ठरवा.

लोक चुकतात ते डबा ठेवण्यात. तो सॅकच्या बाजूच्या खिशात असतो आणि कापताना सॅक दहा फुटांवर झाडाला टेकवलेली. डबा अंगावरच हवा, छातीच्या पट्ट्यावर किंवा कमरेला. रक्ताने बुळबुळीत झालेल्या अंगठ्याने सेफ्टी क्लिप काढून पाहा, घसरतो. सरावाचा, मिरची नसलेला डबा मिळतो, त्यावर हात बसवा. अस्वल १५ मीटरच्या आसपास असताना त्याच्या पुढच्या जमिनीकडे थोडं खाली रोखून एक-दोन सेकंद दाबा, ढग वर उठतो. सगळा एकदम संपवू नका. वारा तोंडावर असला तर थोडं तुमच्याही डोळ्यांत जाणार, तरी दाबायचंच.

गारठ्यात दाब उतरतो, पल्ला कमी होतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घ्या. उन्हात गाडीत ठेवू नका, ५० अंशांच्या आसपास फुटू शकतो. मुदत तीन-चार वर्षांची. विमानात हातातल्या सामानात नाही, चेक-इनमध्येही नाही. आणि तंबूवर आधीच फवारून ठेवायची अक्कल कोणी शिकवली तर ऐकू नका. वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलाला उलट बोलावतो.

गॅलॅटिनकर
दीड-दोन मैलांचं पटलं, बेत बदलतो. आवाज काढून एल्क बोलावताना काय? आणि अंगावर आलंच तर?

रानवाट
मादीच्या किंवा पाडसाच्या आवाजावर अस्वलही येतं, आणि गुपचूप येतं. जाड खोड पाठीशी घेऊन बसा. आवाज काढणारा आणि बाण मारणारा वेगळे असतील तर आवाजवाल्याची पाठ उघडी राहते, स्प्रे आधी त्याच्याकडे हवा.

समोर आलं तर पळायचं नाही. हळू आवाजात बोलत, डबा रोखून मागे सरका. ग्रिझली ओळखायची ती खांद्यावरच्या उंचवट्यावरून, खोलगट चेहऱ्यावरून आणि लांब नखांवरून, रंगावरून नाही. पिल्लांसाठी, मांसासाठी किंवा दचकून तिने धरलंच तर पालथे पडा, सॅक पाठीवर असू द्या, बोटं मानेमागे गुंफा, पाय फाकवा म्हणजे उलटवता येत नाही. ती गेली असं वाटलं तरी लगेच उठू नका. काळं अस्वल (इथली दुसरी, लहान जात) असेल, किंवा कुठलंही अस्वल माग काढत आलं, तंबूत शिरलं, तर मेल्याचं सोंग नाही. नाकाडावर जे हाताला लागेल ते हाणायचं.

अमरावतीकर
हेच मेळघाटच्या अस्वलालाही लागू का?

रानवाट
मांसाचा भाग नाही. आपलं अस्वल वाळवी, फळं, मोहावर जगतं. ते मेलेल्या जनावरासाठी सहसा येत नाही, जवळून दचकलं की झडप घालतं. शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. पहाटे मोहफुलं वेचणाऱ्यांचा प्रश्न हा वेगळ्या धाग्याचा विषय.

नियमबाबा
कायद्याचं. अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवायला मारावी लागली तर ५ दिवसांच्या आत फेडरल वन्यजीव खात्याला कळवणं बंधनकारक आहे; धड हलवू नका, नखं-कातडी काढू नका. मांस तिने खाल्लं म्हणून रागाने गोळी घातली तर ते स्वसंरक्षण नाही. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना मोंटानात हंटर एज्युकेशन (शिकारीचं प्रशिक्षण) लागतं, धनुष्याच्या शिकारीच्या अटी वेगळ्या पाहा. नंतर रायफल किंवा पिस्तूल घेणार असाल आणि एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, म्हणून लायसन्स आधी, दुकानाची पायरी नंतर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.