एआयच्या बॉटना साईटवर येऊ द्यायचं का नाही?

परसदारी: माझी मालवणी शब्दांची छोटी साईट आहे, आईला मावशांना विचारून विचारून जमवलेले शब्द. मागच्या महिन्यात होस्टिंगवाल्याचा मेल आला, बँडविड्थ संपली म्हणून. लॉग (साईटवर कोण येऊन गेलं त्याची नोंद) उघडतो तर माणसं चाळीसेक आणि बाकी सगळे बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम! शेवटी रोबोट्स फाईलमध्ये (कुठल्या बॉटने काय वाचू नये ते सांगणारी साईटवरची फाईल) चॅटजीपीटीवाल्यांचा जीपीटीबॉट, सीसीबॉट, गूगल-एक्स्टेंडेड तिघांना डिसअलाऊ, म्हणजे मनाई, टाकून मोकळा झालो. बरोबर केलं ना?

कळफलक: अहो ती फाईल म्हणजे ‘येथे थुंकू नये’ची पाटी. 1994 पासून आहे, पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. 2022 मध्ये या फाईलच्या नियमांचा अधिकृत कागद, आरएफसी 9309, निघाला त्यातही स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे कुलूप नव्हे. आणि गूगल-एक्स्टेंडेड नावाचा बॉट येतच नाही, येतो तो नेहमीचा गूगलबॉट, ते नाव फक्त मजकूर गूगलच्या जेमिनी एआयला वापरायचा का एवढ्यापुरतं. बँडविड्थ एका पैशाची वाचणार नाही त्याने.

परसदारी: हे माहीत नव्हतं, थँक्स. पण जीपीटीबॉट दोन दिवसांपासून तेवढी फाईल वाचून परत जातोय, म्हणजे पाटी वाचणारे आहेत की.

नदीकाठ: मला हे पटत नाही. आधीच नेटवर मालवणी किती, त्यात तुम्ही दार लावून घेतलंत, मग उद्या एआयने मालवणी म्हणून काहीही ठोकून दिलं की बोंब मारायची नाही. सीसीबॉट तर वेबवरची पानं गोळा करून ठेवणाऱ्या कॉमन क्रॉल संस्थेचा, तो डेटा कुणालाही फुकट मिळतो, भाषेवर रिसर्च करणारी पोरंही तोच घेतात.

परसदारी: द्यायला ना नाही हो, विचारून न्या. आमच्याकडे परड्यातल्या फणसालाही विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

सातबारा: फक्त एक करा, त्या फाईलमध्ये यूजर-एजंटपुढे (बॉटचं नाव लिहितात तिथे) स्टार टाकून सगळ्यांना बंद करू नका. काकांनी तेच केलेलं, तेव्हा जुन्या पानांच्या प्रती ठेवणारं इंटरनेट अर्काईव्हचं वेबॅक मशीन ही फाईल पाळायचं. काका गेले, डोमेन संपलं, आता त्यांच्या गावच्या इतिहासाचं एक पान सापडत नाही.

परसदारी: बाप रे. नाही, स्टार नाही टाकलाय. आज रात्रीच सगळी पानं अर्काईव्हवर सेव्ह करतो.

नदीकाठ: म्हणजे अर्काईव्हला न विचारता चालतं :)

कळफलक: ते राहू दे, क्रोमचं नाव सांगून येणाऱ्या बॉटचं काय? ती चाळीस माणसं परत एकदा मोजा.