दिलेल्या पॉइंट्समधून जाणारी पॉलिनॉमिअल (बहुपदी) एकदम अचूक अपूर्णांकात कशी काढायची? (पायथन)

शून्यछेद
मंडळी जरा मदत करा. पॉइंट दिले की त्यांच्यातून जाणारी पॉलिनॉमिअल काढायचीय, पण सहगुणक दशांशात नकोत, १/३ असेल तर १/३ च दिसलं पाहिजे. टेस्टसाठी १ ते एक्स आकड्यांच्या चौथ्या घातांची बेरीज घेतलीये, म्हणजे एक्स ० ते ५ ला वाय अनुक्रमे ०, १, १७, ९८, ३५४, ९७९. उत्तर पाचव्या घाताचं आणि एक्स वर्गाचा सहगुणक शून्य यायला हवा. लॅग्रांजचा फॉर्म्युला लिहिलाय, सगळे बेसिस (एकेका पॉइंटसाठीचे तुकडे) वायने गुणून बेरीज करतो, तर शून्याच्या जागी कुठलातरी अतिसूक्ष्म कचरा येतो. मग शेवटी प्रत्येक सहगुणक पायथनच्या फ्रॅक्शन क्लासमध्ये (अंश आणि छेद तसेच ठेवणारा) टाकून बघितला तर हे भले मोठे आकडे. नुसतं फ्रॅक्शनच्या कंसात १/३ लिहिलं तरी ६००४७९९५०३१६०६६१/१८०१४३९८५०९४८१९८४ येतंय!! हा क्लास अचूक असतो ना?

मसावि_मास्तर
क्लास अचूकच आहे, तुम्ही त्याला दिलेला आकडा अचूक नाहीये. तो छेद नीट बघा, १८०१४३९८५०९४८१९८४ म्हणजे २ चा ५४ वा घात. छेदात २ चा मोठा घात दिसला की समजायचं कुठेतरी फ्लोट (कॉम्प्युटरमधला दशांश आकडा, बहुतेकदा जवळपासचाच) घुसलाय. कंसात १/३ लिहिलं की पायथन आधी भागाकार करून फ्लोट बनवतो आणि फ्रॅक्शन बिचारा त्या फ्लोटची खरी किंमत जशीच्या तशी दाखवतो. १ आणि ३ स्वल्पविराम देऊन वेगवेगळे द्या. फाइलमधून ०.१ वगैरे वाचत असाल तर फ्लोट न करता स्ट्रिंगच (अवतरणातला मजकूर) द्या, बरोबर १/१० मिळेल.

आणि शेवटी फ्रॅक्शन करून काही उपयोग नाही, एक्स आणि वाय वाचल्या वाचल्या करायचं. फ्रॅक्शन आणि इंटीजरची बेरीज फ्रॅक्शनच राहते, पण फ्रॅक्शनमध्ये एक फ्लोट मिसळला की उत्तर गुपचूप फ्लोट होतं, एरर नाही काही नाही, म्हणून हे शोधायला त्रास होतो.

बाकी लॅग्रांज कागदावर छान दिसतो पण सहगुणकच हवे असतील तर न्यूटनची विभाजित फरकांची पद्धत घ्या, कोड निम्मा होतो. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. पहिले फरक १, १६, ८१, २५६, ६२५. त्यांचे फरक भागिले २ म्हणजे १५/२, ६५/२, १७५/२, ३६९/२. मग भागिले ३ करून २५/३, ५५/३, ९७/३. मग ५/२, ७/२. शेवटी १/५. (भागायचं एक्समधल्या अंतराने, इथे एक्स ओळीने आहेत म्हणून २, ३, ४, ५ आले.) प्रत्येक ओळीतला पहिला आकडा उचला: ०, १, १५/२, २५/३, ५/२, १/५. झाले न्यूटनचे सहगुणक. एकाच लिस्टमध्ये करत असाल तर लूप शेवटाकडून मागे चालवा, नाहीतर अजून लागणारी किंमत आधीच पुसली जाते.

आता उलगडायचं. १/५ पासून सुरू करा, (एक्स - ४) ने गुणा, ५/२ मिळवा, मग (एक्स - ३) ने गुणा, २५/३ मिळवा, असं खाली येत जा. (एक्स - ४) ने गुणायचं म्हणजे सहगुणकांची लिस्ट एक घर सरकवायची आणि जुनी लिस्ट ४ ने गुणून वजा करायची, एवढंच. (एक्स - १) च्या पायरीला ३१/३० मधून ३१/३० वजा होतात आणि तुमचं ते हवं असलेलं शून्य तिथे तयार होतं. फ्लोटमध्ये ते दोन आकडे अगदी सारखे राहतीलच असं नाही, कचरा असाच येतो. शेवटी एक्सचा पाचवा घात/५ + चौथा घात/२ + घन/३ - एक्स/३०.

रांगेतलारकाना
एवढं कशाला, समीकरणं मांडा, मॅट्रिक्स सोडवा, गॉसची पद्धत सगळ्यांना येते. व्हँडरमाँड मॅट्रिक्स (एक्सच्या घातांनी भरलेला, इथे हाच येतो) बदनाम आहे ते फ्लोटमुळे, फ्रॅक्शनमध्ये तो प्रश्नच येत नाही.

मसावि_मास्तर
उत्तर बरोबर येईल, मान्य. पण काम एनच्या (पॉइंटच्या संख्येच्या) घनाच्या प्रमाणात वाढतं, न्यूटनचं वर्गाच्या, आणि फ्रॅक्शन प्रत्येक क्रियेनंतर मसावि काढून संक्षेप करतो त्यामुळे एकेक क्रिया महाग. शिवाय नवा पॉइंट आला की मॅट्रिक्स परत पहिल्यापासून, न्यूटनमध्ये फरकांच्या तक्त्यात फक्त एक कर्ण वाढतो.

शून्यछेद
चाललं!! एक्स वर्गाच्या जागी स्वच्छ शून्य. आता दोन शंका, एक म्हणजे पाचवाच घात आहे हे आधी माहीत नसेल तर कसं कळणार, आणि हेच सी प्लस प्लसमध्ये न्यायचंय तर लाँग लाँगचा (तिथला ठराविक आकाराचा मोठा इंटीजर) अंश-छेद पुरेल का?

उणे_एक
पहिल्याचं उत्तर, जास्तीचा पॉइंट टाकून बघा. ६ ला २२७५ येतं, तो घातला की पुढचा विभाजित फरक ० येतो. आणखी एकदोन पॉइंटला पण ० च आलं तर घात पाच धरायला हरकत नाही. पक्का पुरावा नाही म्हणता येणार, त्यापुढचा एखादा पॉइंट वेगळा निघू शकतो, पण बेरजेच्या सूत्रासारख्या गोष्टीत घात किती ते थिअरीने माहीत असतंच. मोजमापाचे आकडे असतील तर मात्र हा सगळा खटाटोप करू नका, तिथे शून्य कधीच येणार नाही आणि मोजण्यातली चूकसुद्धा अपूर्णांकात अचूक मिळेल :)

दुसरं, लाँग लाँग सहा पॉइंटला पुरेल, पण एक्स वेडेवाकडे असले की छेद भराभर फुगतात आणि ओव्हरफ्लो (आकडा मर्यादेबाहेर जाणं) सांगून येत नाही. पायथनचा इंटीजर हवा तेवढा वाढतो म्हणून तिथे जाणवत नाही. बूस्ट या सी प्लस प्लस लायब्ररीतला मोठा इंटीजर घ्या. छेद कायम धन ठेवा, चिन्ह अंशाकडे, नाहीतर -१/३० आणि १/-३० ची तुलना करताना गोंधळ होतो. आणि एकच एक्स दोनदा आला तर शून्याने भागाकार होणार, वाय सारखाच असेल तर डुप्लिकेट काढून टाका, वेगळा असेल तर अशी पॉलिनॉमिअलच नसते, तिथे सरळ एरर द्या.