नेटवर्किंगची सुरुवात कुठून करू? क्लास लावू की घरीच? (ठाणे / नवी मुंबई)

घणसोलीकर_बीकॉम:
नमस्कार मंडळी. मी बी.कॉम., चार वर्षं महापेला एका बॅकऑफिसमध्ये पाट्या टाकतोय. आमच्याच हापिसात डेस्कटॉप सपोर्टची जागा रिकामी होणारे, तिथले सर म्हणाले नेटवर्किंगचं बेसिक करून ये, दोन महिन्यांनी टेस्ट घेतो. म्हणून ठाणे स्टेशनजवळ एका क्लासच्या डेमोला बसलो तर पहिल्याच दिवशी फळ्यावर सात लेयर लिहून पाठ करा म्हणाले, फी ३८ हजार, वर "आज भरली तर पाच हजार कमी". डोक्यावरून गेलं सगळं. क्लास लावू का? घरी एक जुना लॅपटॉप आणि वायफाय आहे, शिफ्ट दुपारची म्हणून सकाळचे दोन तास मिळतात, इंग्रजी वाचतो पण हळू.

नौपाड्याचा_नाना:
"आज भरली तर कमी" वाल्यांकडे उद्या पण कमीच असते. पैसे खिशात ठेव.

रॅकमधला_माणूस:
ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये नाइट करतो, आधी सहा वर्षं सपोर्टलाच होतो, म्हणून जरा लांब लिहितो.

सात लेयर, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत मांडणारं ओएसआय मॉडेल, आत्ता सोडून दे. ते मॉडेल आयएसओने १९८४ ला छापलं, त्याच्या आधीच १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट (इंटरनेटचा पूर्वज) टीसीपी/आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या नियमांवर, गेलं होतं, म्हणजे आज जे चालतं ते काही त्या तक्त्यावरून बांधलेलं नाही. लेयर हे आमचे बोलायचे शब्द आहेत, "लेयर वन बघ रे" म्हणजे केबल बघ, एवढंच. महिनाभर हात चालव मग तक्ता आपोआप बसतो.

पहिली गोष्ट जी नीट कळली पाहिजे ती म्हणजे आयपी (नेटवर्कमधला पत्ता) आणि मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) यांतला फरक, इथेच सगळे अडकतात. तू घणसोलीहून डोंबिवलीला निघालास. तिकिटावर घणसोली ते डोंबिवली, ते शेवटपर्यंत तसंच. पण गाडी? ठाण्यापर्यंत ट्रान्सहार्बर, पूल चढून उतरून मग कर्जत नाहीतर कसारा. तिकीट म्हणजे आयपी, प्रत्येक टप्प्याची गाडी म्हणजे मॅक पत्ते, आणि ठाणे स्टेशन म्हणजे राउटर, तिकीट बघून ठरवतो कुठल्या फलाटावर पाठवायचं. स्विचला (एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडणारा डबा) तिकीट वाचता येत नाही, तो फक्त आपल्या स्टेशनातल्या गाड्या ओळखतो. (घरचा राउटर नॅट करतो, म्हणजे तिकिटावरचं "कुठून" बदलून टाकतो, ते पुढच्या आठवड्यात.)

आता लॅपटॉप उघड, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाक (टाइप अर्थात इंग्रजीत). स्वतःचा आयपी, सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगतो), डिफॉल्ट गेटवे (म्हणजे घरचा राउटर), डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगतो) वहीत लिही. मग क्रमाने पिंग कर, म्हणजे समोरचा उत्तर देतो का बघ: आधी गेटवे, मग ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस), मग एखाद्या साइटचं नाव. गेटवेलाच उत्तर नाही तर घोळ घरातच. गेटवे देतो पण ८.८.८.८ नाही, तर पुढे केबलवाल्याकडे. ८.८.८.८ देतो पण नावाने जात नाही, तर डीएनएस. सपोर्टमध्ये "नेट चालत नाही" असे फोन येतात ना, त्यातले निम्मे मी या तीन पिंगमध्येच सोडवलेत.

त्यानंतर सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडणं, कागदावर, कॅल्क्युलेटर नको. /२६ म्हणजे ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे, उरलेल्या सहात ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ६२. मग १९२.१६८.१.७० कुठल्या तुकड्यात? ६४ ते १२७. अशी रोज दहा कर, आठवड्यात हात बसतो. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर (लॅपटॉपवरच खोटं नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं, त्यात दोन राउटर जोडून पिंग जाईपर्यंत उठू नकोस.

कळव्याची_मीनल:
दादांचं पटतं पण पूर्ण नाही हं. मी घरी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडलं, शेवटी क्लासनेच झालं कारण तिथे पैसे भरलेले असतात 😅 आणि खरा स्विच, खरं क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं) घरी कुठे मिळणार. क्लास बघायचाच तर रॅक (स्विच-राउटर बसवलेली मांडणी) चालू आहे का आणि हात लावू देतात का ते आधी विचार, नुसती स्लाइड असेल तर उठून ये.
क्रिम्पिंगची तारांची रांग पाठ करच, तिचं नाव टी५६८बी: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आणि तांब्याची लाइन १०० मीटरच्या पुढे ओढायची नाही.

रॅकमधला_माणूस:
मीनलताई, क्रिम्पिंगचं मान्य. पण टूल लॅमिंग्टन रोडला हजाराच्या आत येतो, त्यासाठी ३८ हजार कशाला.

नौपाड्याचा_नाना:
अजून एक, बिट आणि बाइट. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. आमच्या सोसायटीत यावरून दर महिन्याला भांडण.

घणसोलीकर_बीकॉम:
दादा, ताई, खूप आभार. पण मोबाइलवर १९२.१६८.०.१०४ दिसतोय आणि लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी, गेटवे रिकामा. लॅपटॉप केबलवर आहे. बिघडला का?

रॅकमधला_माणूस:
वा, फुकटात धडा मिळाला की. १६९.२५४ म्हणजे लॅपटॉपने डीएचसीपीकडे (आपोआप आयपी वाटणारी सेवा, घरी राउटरच ती देतो) पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. आता सांग, कुठे बघशील?

घणसोलीकर_बीकॉम:
लेयर वन 😀 राउटरच्या मागे केबल अर्धी बाहेर होती, आईने झाडताना ओढली असणार. खटकन बसवली, १९२.१६८.०.१०७ आला! तीनही पिंग गेले. क्लासवाल्याचा आत्ताच फोन आला होता, आता सात हजार कमी म्हणतोय.
सबनेटिंगचं एक करून पाहिलं, १९२.१६८.१.२०० /२७: नेटवर्क १९२, ब्रॉडकास्ट २२३, मधले ३०. बरोबर का?

नौपाड्याचा_नाना:
सांगितलं नव्हतं 😂

रॅकमधला_माणूस:
बरोबर. आता १७२.१६.२१.२०० /२२ कर, इथे तिसरा आकडा हलतो, सांभाळून. उत्तर टाकून ठेव, मी शिफ्टवरून आल्यावर बघतो.