मदत हवी आहे: क्लॅरिथ्रोमायसिनचं किट आणि वडिलांच्या रोजच्या गोळ्या

धागाकर्ता
वडील, वय ७१, वजन ६४ किलो, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६. एंडोस्कोपीत एच. पायलोरी (पोटातला जंतू) निघाला. १४ दिवसांचं किट लिहून दिलंय: क्लॅरिथ्रोमायसिन ५००, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम, पँटोप्राझोल ४०, तिन्ही दिवसातून दोनदा. आधीपासून चालू: अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० (अँजिओप्लास्टी झालीय), अ‍ॅम्लोडिपिन ५, युरिक अ‍ॅसिडच्या दुखण्यासाठी कोल्चिसिन ०.५ दोनदा, आणि उपाशीपोटी पँटोप्राझोल-डॉमपेरिडोन. केमिस्ट म्हणतो, कोलेस्टेरॉलची गोळी बंद ठेवा. तेवढं पुरे का?

कडूगोळी
नाही. आधी कोल्चिसिन बघा, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी नंतर. क्लॅरिथ्रो यकृतातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम अडवतं, शिवाय कोल्चिसिन पेशीबाहेर टाकणारा पंपही बंद पाडतं. तुमच्या आकड्यांवरून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीचा गाळण्याचा वेग) मिनिटाला ३८ मिलिलिटरच्या आसपास येतो, म्हणजे किडनीचा रस्ताही अरुंदच. अशा रुग्णाला ही जोडी द्यायचीच नसते, जीवावर बेतलेलं आहे. फसवणारी गोष्ट अशी की कोल्चिसिनची विषबाधा जुलाब-उलट्यांनी सुरू होते, आणि घरचे म्हणतात, ‘अमॉक्सिसिलिनने पोट बिघडलं.’ पुढे पांढऱ्या पेशी घसरतात, स्नायू गळतात.

अ‍ॅटोर्वास्टॅटिन क्लॅरिथ्रोसोबत २० च्या वर नको. अँजिओप्लास्टी झाली असल्याने कमी करायचं, थांबवायचं की रोसुवास्टॅटिनवर जायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा. मांड्या दुखल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा. अ‍ॅम्लोडिपिनचाही असर वाढतो. उठताना चक्कर येते का, पाय सुजतात का, बघा.

शेवटचाडोस
डॉमपेरिडोन सगळ्यांच्या नजरेतून सुटतं! ‘गॅसची गोळी’ म्हणून कोणी मोजतच नाही. तेही त्याच एन्झाइमवर अवलंबून, आणि ते व क्लॅरिथ्रो, दोघंही ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवतात, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. किटमध्ये पँटोप्राझोल आहेच, मग ती कॅप्सूल कशाला? सुरू करण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघून घ्या.

धागाकर्ता
क्लॅरिथ्रोऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन (अ‍ॅझिथ्रो) चालेल का? ते या एन्झाइमला फारसं छेडत नाही असं वाचलं.

कडूगोळी
बरोबर वाचलंत, पण एच. पायलोरीच्या नेहमीच्या किटमध्ये ते नसतं. वेगळाच प्रश्न विचारा: आजवर खोकल्या-तापासाठी अ‍ॅझिथ्रोचे कोर्स झालेत का? झाले असतील तर क्लॅरिथ्रोला दाद न देणारा जंतू असण्याची शक्यता वाढते. दोन्ही औषधं जंतूच्या रायबोसोमला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला) एकाच जागी चिकटतात. ती जागा बदलली की दोन्ही निकामी. मग बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडची गोळी असं चौकडी किट देतात. त्यालाही किडनी आडवी येते, त्यामुळे क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

धागाकर्ता
क्लॅरिथ्रोच द्यायचं ठरलं, तर १५व्या दिवशी जुन्या गोळ्या सुरू?

शेवटचाडोस
लगेच नको. अडवलेलं एन्झाइम कायमचं निकामी होतं, शरीराला नवं बनवायला काही दिवस लागतात. तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या, कोल्चिसिनची वेगळी. उद्या किट फोडू नका. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आधी दाखवा. सुरू झाल्यावर तोंडाला धातूसारखी कडू चव येईल, ती क्लॅरिथ्रोचीच. त्यापायी मध्येच सोडू नका.