समुद्रावर रेडिओ-ईमेल: काढून टाकावा की ठेवावा?

सुकाणू:
येत्या हंगामात आम्ही दोघं प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांहून मार्केसास बेटांना शिडाच्या बोटीने निघतोय. सुमारे ३००० सागरी मैल, तीन-चार आठवडे जमिनीचं दर्शन नाही. बोटीवर एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ आणि त्यावरून ईमेल पाठवणारा पॅक्टर मोडेम आहे. ओळखीचे सगळे शिडवाले म्हणतात, आता हे काढा आणि सॅटेलाइट डिश लावा. माझं मत: डिश जरूर लावा, पण रेडिओ काढू नका. हजारो मैलांवरच्या किनारी स्टेशनपर्यंत माझा ईमेल आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परावर्तित होऊन पोचतो, मध्ये कुणाचा उपग्रह लागत नाही. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी, अंधार पडला की खालच्या. हे अंगवळणी पडायला मला एक अख्खी सफर लागली. तुमचं काय मत?

खारा वारा:
साफ असहमत. आठ वर्षं मी हेच केलं. पॅक्टर-३ फार तर सेकंदाला २७०० बिटच्या आसपास जातो, तेही रेडिओ लहरी मेहरबान असतील तेव्हा. एरवी हवामानाची छोटीशी ग्रिब फाइल उतरवताना पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि सेलमेल या बोटींसाठीच्या रेडिओ-ईमेल सेवेवर आठवड्याला सरासरी ९० मिनिटांचीच मुभा. कनेक्ट करण्याआधी फ्रिज बंद, इन्व्हर्टर बंद, सोलरचा रेग्युलेटर बंद, नाहीतर खरखरीपुढे स्टेशन ऐकूच येत नाही. ट्रान्समिट सुरू झालं की माझा ऑटोपायलट भरकटायचा, म्हणून बायको सुकाणूवर उभी.
मे २०२४ च्या सौर वादळात तीन दिवस एकही स्टेशन लागलं नाही. नेमकं त्याच दिवसांत वडिलांना हॉस्पिटलात हलवलं होतं. मला ते चौथ्या दिवशी कळलं. त्यानंतर रेडिओबद्दलचं माझं सगळं प्रेम आटलं.

सुकाणू:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. अशा वेळी काय वाटतं, याची कल्पना आहे. पण सगळी भिस्त डिशवर ठेवली तरी तीही बंद पडतेच. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा जगभर सुमारे अडीच तास ठप्प होती. शिवाय डिश चालू असेपर्यंत बॅटरी खात राहते. रेडिओ जास्त वीज घेतो तो बोलताना, ती दहा मिनिटं.

नांगर:
दोघंही एक गोष्ट विसरताय. जीव वाचवायला ईमेल नव्हे, ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब हवा, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र. तो बोटीवर असेल तर रेडिओ-ईमेलची गरज उरते ती हवामान आणि ख्यालीखुशालीपुरती. तेवढ्यासाठी महागडा मोडेम कशाला? हॅम (हौशी रेडिओचा) परवाना असेल तर विनलिंक ही रेडिओ-ईमेल सेवा फुकट आहे, आणि व्हारा हे सॉफ्टवेअर वापरलं तर मोडेमचं काम कॉम्प्युटरचं साउंड कार्ड करतं. अट एवढीच की विनलिंकवर धंद्याचा मजकूर चालत नाही.
आणखी एक. अँटेना म्हणजे बहुतेकांची बॅकस्टेच असते, डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार. डोलकाठी पडली की तीही गेली.

किनाऱ्यावरची:
मी बोटीवर नसते, माझा मुलगा असतो. पूर्वी दर दोन-तीन दिवसांनी त्याचा चार ओळींचा मेल यायचा. वारा किती, काय शिजवलं, मासा लागला का. निघतानाच त्याने सांगून ठेवलं होतं, "आई, पाच दिवस मेल आला नाही तरी लहरी खराब आहेत असंच समज." मी तसंच समजायचे आणि झोपायचे. आता नकाशावर त्याचा ठिपका दर दहा मिनिटांनी हलतो. गेल्या महिन्यात तो सहा तास एकाच जागी होता. मी रात्रभर जागी. नंतर कळलं, ट्रॅकर चार्जिंगला लावायचा राहिला होता.
मला ते चार ओळींचे मेल परत हवेत. त्यात तो मला काहीतरी सांगायचा. ठिपका काही सांगत नाही.

खारा वारा:
ताई, तुमचं म्हणणं पटलं, पण दोष डिशचा नाही. चार ओळी डिशवरूनही लिहिता येतात. मुलाला तसं सांगा.
सुकाणू, नांगरचं डोलकाठीचं मात्र मनावर घ्या. रेडिओ ठेवणारच असाल तर वीस-पंचवीस फूट इन्सुलेटेड तार वेगळी ठेवा आणि ती ट्यूनरला (रेडिओशी अँटेना जुळवणाऱ्या डब्याला) कशी जोडायची ते बंदरातच करून पाहा. समुद्रात पहिल्यांदा करू नका.

सुकाणू:
तार उद्याच आणतो. आणि ताई, निघण्याआधी घरच्यांना मीही पाच दिवसांचं सांगून ठेवीन.