वर्गात चालते ते यूट्यूबवर चालते का? डिजिटल पाठ आणि कॉपीराइट

प्रश्न: शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, गंगाखेड तालुका

नमस्कार. शाळेत स्मार्ट टीव्ही आल्यापासून मी सातवीच्या मराठी आणि इतिहासाचे पाठ स्वतः तयार करते. त्यांत गूगलवर सापडलेली चित्रे, यूट्यूबवरून उतरवून घेतलेली गाणी आणि पाठ्यपुस्तकातील कवितांची पाने असतात. आता शिक्षण परिषदेत हे पाठ पाहून केंद्रप्रमुखांनी शाळेचे यूट्यूब चॅनेल काढावे आणि पाठ सर्वांसाठी खुले करावेत, असे सुचवले आहे. एक सहकारी म्हणतात की शैक्षणिक कामाला सर्व काही माफ असते. दुसरे म्हणतात की खाली ‘सौजन्य: गूगल’ लिहिले की झाले. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि निर्धास्तपणे वापरता येईल असे साहित्य कोठे मिळते?

उत्तर: ग्रंथपाल, अंबाजोगाई

मॅडम, आपल्या पहिल्या सहकाऱ्यांचे म्हणणे वर्गाच्या दारापर्यंत खरे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत करणे, तसेच प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेत ती वापरणे, हा हक्कभंग मानलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘अध्यापनाच्या ओघात’ याचा अर्थ तासाच्या चाळीस मिनिटांपुरता न ठेवता नेमलेल्या वाचनसाहित्याच्या प्रतींपर्यंत नेला. स्नेहसंमेलनालाही सवलत आहे: प्रेक्षकांत शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील, तर गाणे किंवा नाटुकले सादर करता येते. मात्र त्याच संमेलनाचे थेट प्रक्षेपण जगाला खुले केले की प्रेक्षकांची ही मर्यादा ओलांडली जाते. आपल्या चॅनेलचेही तेच आहे. पाठ जगापुढे ठेवणे हे अध्यापनापेक्षा प्रकाशनाच्या जवळ जाते, आणि केवळ हेतू शैक्षणिक आहे म्हणून ते माफ होत नाही.

कवितांबाबत कवीचे निधनवर्ष पाहावे, कारण संरक्षण कवीच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे असते. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता आता सर्वांच्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत राहील. आणि आपल्या मराठवाड्याचे ना. धों. महानोर २०२३ मध्ये गेल्यामुळे त्यांच्या कवितांचा २०८३ च्या अखेरपर्यंत. आपल्या गावच्या जनाबाईंच्या अभंगांवर कोणाचीच मालकी नाही. पण आजच्या संपादकाने त्यांवर लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्या आहेत, आणि एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवर प्रकाशनानंतर साठ वर्षे वेगळा हक्क असतो. म्हणून अभंग मुलींकडूनच म्हणवून घ्यावा; माझ्या मते तो ऐकायलाही अधिक बरा लागतो.

पाठ्यपुस्तकाची पाने जशीच्या तशी चॅनेलवर टाकू नयेत. संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना बालभारतीच्या पुस्तकांत छापलेली असते आणि आपण रोज ती उलटून पुढे जातो. मुलांना पुस्तक काढायला सांगून ‘पान अमुक पाहा’ असे म्हटले तरी काम भागते.

उत्तर: तंत्रस्नेही शिक्षक, औसा तालुका

‘सौजन्य: गूगल’ या ओळीला काहीही अर्थ नाही. गूगल चित्र शोधून देते, ते चित्राचे मालक नव्हे. शोधताना वापराच्या हक्कांची चाळणी लावून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे कर्त्याने ठराविक अटींवर वापरायला आधीच मुभा दिलेली चित्रे तेवढी पाहता येतात. तरीही मूळ पानावर जाऊन परवाना वाचावाच लागतो. ‘बीवाय’ म्हणजे कर्त्याचे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे आपली कृतीही त्याच परवान्याने खुली ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, त्यामुळे पुढे चॅनेलवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू केले तर ही चित्रे अडचणीची ठरतील. ‘एनडी’ असेल तर चित्रात बदल करून ते पुढे देता येत नाही.

मी स्वतः विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावरून वेरूळ आणि अजिंठ्याची छायाचित्रे घेतो. लेणी प्राचीन असली तरी फोटो काढणाऱ्याचा हक्क ताजा असतो, म्हणून त्याचे नाव आणि परवाना शेवटच्या पाटीवर लिहितो. सहलीत आपल्याच मोबाइलने फोटो काढले तर हाही प्रश्न उरत नाही. दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपवरील पाठांखालीही परवाना दिलेला असतो. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी फेट (PhET) या संकेतस्थळाची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून पाहायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि आधी उतरवून ठेवली तर नेट नसतानाही चालतात. लोडशेडिंगवर मात्र त्यांच्याकडे उपाय नाही.

यूट्यूबवरील व्हिडिओ उतरवून आपल्या पाठात जोडू नये. त्याची लिंक द्यावी. पार्श्वसंगीत यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्यावे. फॉन्टकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. पेन ड्राइव्हवरून आलेले विकतचे फॉन्ट काढून टाका. ‘मुक्ता’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) हे सुबक देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने फुकट मिळतात.

शिक्षिका, गंगाखेड तालुका

आपण दोघांनी सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी काढून टाकते. त्यांच्या जागी मुलींनी काढलेली चित्रे आणि गावातील एका ज्येष्ठ भारूडकारांचे ध्वनिमुद्रण घ्यावे, असा विचार आहे. तेथे तर अडचण नसावी ना?

उत्तर: वकील, परभणी

परवानगी तेथेही लागेल, पण ती मिळवणे सोपे आहे. चित्र काढणारी मुलगी त्या चित्राची कर्ती आहे. ती अल्पवयीन असल्यामुळे पालकांची लेखी संमती घ्यावी आणि चित्राखाली तिचे पहिले नाव द्यावे, आडनाव आणि फोटो टाळलेला बरा. नाथांचे भारूड कोणीही गाऊ शकतो. परंतु त्या गृहस्थांच्या सादरीकरणावर त्यांचा स्वतःचा हक्क पन्नास वर्षे असतो. ध्वनिमुद्रण शाळेच्या चॅनेलवर कायम राहील आणि त्याचे पैसे मिळणार नाहीत, हे त्यांना आधी स्पष्ट सांगावे. कागदावर सही घ्यावी. लिहिता येत नसेल तर कागद वाचून दाखवावा आणि दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा. शाळा पुढे हेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणाला देणार असेल, तर तेही त्याच कागदात लिहावे.