शब्दचर्चा: पूर्वसूरींकडून ‘प्रेरणा’ घेतली, म्हणजे नेमके काय केले?

टिपणवही
आजचा जपानी पॉप चित्रकार ताकाशी मुराकामी याच्या २०१०च्या चित्रातला लाल ड्रॅगन अठराव्या शतकातला जपानी चित्रकार सोगा शोहाकू याच्या १७६३च्या ड्रॅगनवरून आला. हे मराठीत लिहायला बसले की लेखणी आपोआप ‘प्रेरणा घेऊन’ लिहून मोकळी होते. पण सूर्यास्त पाहून कविता करणाऱ्यालाही प्रेरणाच मिळते आणि जुनी चित्रे रेघेला रेघ लावून पुन्हा काढणाराही प्रेरणाच घेतो. प्रेरित, प्रभावित, आधारित, अनुकृती, नक्कल... यांतले कोणते कुठे बसते? आणि जाता जाता, ‘पूर्वसुरी’ की ‘पूर्वसूरी’?

मात्रावेलांटी
शेवटचे आधी. पूर्वसूरी, ‘सू’ दीर्घ. सूरी म्हणजे विद्वान, जाणता. गाण्यातल्या सुराशी त्याचे काही नाते नाही, ऱ्हस्व लिहिण्याची सवय बहुधा तिथूनच लागते.

‘प्रेरणा’च्या मुळाशी प्र + ईर् आहे, म्हणजे हलवणे, पुढे लोटणे. प्रेरणा माणसाला कामाला लावते. रेघ कुठून कुठे न्यायची ते सांगत नाही. त्यामुळे ‘जुने चित्र पाहून काढावेसे वाटले’ इतकाच अर्थ असेल तर शब्द चोख आहे. मांडणी, आकार, विषय असे काही उचलले असेल तर तो अपुरा आहे.

‘प्रभावित’ त्याहून अडचणीचा. प्रभाव पडतो, म्हणजे कर्ता जुना चित्रकार आणि नवा नुसता खाली उभा. प्रत्यक्षात निवडणारा, वगळणारा, उलटेसुलटे करणारा नवाच असतो. शोहाकू १७८१ साली गेला, तो मुराकामीला काय करणार?

बोरू
यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे आणि तो आपण फक्त वाक्प्रचारात कोंडून ठेवलाय: कित्ता. शिक्षकाने घालून दिलेले अक्षर म्हणजे कित्ता, त्यावरून हात फिरवणे म्हणजे गिरवणे. कानो या जपानी चित्रकारांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या जपलेल्या नमुनाचित्रांना ‘फुनपोन’ म्हणत. शिष्य ती गिरवूनच शिकत. फुनपोन म्हणजे कित्ता, याहून जवळचा शब्द सापडणार नाही.

गिरवण्याच्याही तऱ्हा आहेत. मूळ चित्र शेजारी ठेवून, पाहून काढले तर ‘रिन्शा’. मुळावर पातळ कागद ठेवून काढले तर ‘शिकिउत्सुशी’, म्हणजे शब्दशः गिरवणे. तिसरी तऱ्हा सगळ्यात मजेशीर: ‘आगेउत्सुशी’. मूळ चित्र सपाट ठेवायचे, वर पातळ वाशी म्हणजे जपानी हातकागद, त्याची वरची कड वजनाने दाबायची आणि खालची कड गोल काठीला गुंडाळायची. डाव्या हाताने काठी वर सरकवली की मूळ दिसते. ते डोळ्यांत साठवायचे, काठी खाली आणायची आणि डोळ्यांत राहिलेल्या आकारावर लगेच रेघ ओढायची. पुन्हा वर, पुन्हा खाली.

यात बिघडते ते दोन ठिकाणी. वजन केसभर सरकले की पुढच्या सगळ्या रेघा तितक्याच सरकतात आणि ते बऱ्याच उशिरा ध्यानात येते. दुसरे, रेघ मुळाबरहुकूम यावी म्हणून हात सावकाश चालवला की रेघ थरथरते. जागेवर बरोबर असते, पण मेलेली. आगेउत्सुशीत काठी झटपट हलवतात ती यासाठीच. मुराकामीने तोक्योच्या कला विद्यापीठात निहोंगा म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीची चित्रकला शिकून १९९३मध्ये डॉक्टरेट घेतली. या शिक्षणात जुन्या चित्रांच्या नकला काढणे हा नेहमीचा अभ्यास असतो. ‘पॉप’ या बिरुदामुळे तो भाग झाकला जातो.

कोपरखळी
मग मुराकामीचा ड्रॅगन कित्ता का नाही?

करडी शाई
कारण तो गिरवलेला नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून पाहू.

शोहाकूचा: कागदावर शाई. मुळात सरकत्या दारांवरचा, आता आठ फलक, एकूण लांबी सुमारे १०.८ मीटर. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात १९११पासून आहे. डोळे बटबटीत, नाकपुड्या फुगलेल्या; अक्राळविक्राळ असूनही जरा विनोदी.

मुराकामीचा: नऊ फलक, १८ मीटर लांब, ३.६ मीटर उंच, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, लाल. चेहऱ्यातला तो विनोद उचललाय, ढगांचे वेटोळे उचललेय, पण रेघ रेघेवर बसत नाही. बसणार कशी? माप वेगळे, रंग वेगळा, ओघळणारे माध्यम वेगळे. म्हणून ‘वरून’ हे साधे शब्दयोगी अव्यय इथे सगळ्यात प्रामाणिक: ‘शोहाकूच्या ड्रॅगनवरून’. फार तर ‘-वर बेतलेला’. बेतणे हे शिंप्याचे क्रियापद; कापड दुसऱ्याचे असले तरी माप नव्या अंगाचे घेतात. ‘आधारित’पेक्षा कधीही बरे.

या चित्राचे लांबलचक नावच शब्दचर्चेचा विषय आहे. त्याचा आशय असा: ‘एकदा तरी स्वतः काढून पाहा की’ असे त्सुजी सर म्हणाल्यावर चिडून मी स्वतः रंगवलेली आवृत्ती. त्सुजी नोबुओ हे कलेतिहासकार. १९७०च्या आपल्या पुस्तकात त्यांनी शोहाकू, जाकुचू, इवासा माताबेई अशा सहा तऱ्हेवाईक चित्रकारांची वंशावळ मांडली. टोमण्याला कारण होते. मुराकामीच्या कारखानावजा स्टुडिओत रेखाटन संगणकावर घोटून गुळगुळीत करतात, सिल्कस्क्रीनने (जाळीतून रंग दाबून) थरावर थर चढवतात आणि हे काम बरेच मदतनीस मिळून करतात. या ड्रॅगनमध्ये हात त्याचा स्वतःचा. तेव्हा ‘आवृत्ती’ हा शब्द भाषांतरात जपा, ‘प्रत’ करू नका. प्रत मुळाशी बांधलेली, आवृत्तीत फेरफार गृहीत धरलेला.

मात्रावेलांटी
‘नक्कल’ला उगाच वाळीत टाकू नये. सातबाऱ्याची नक्कल काढतो तेव्हा त्यात कमीपणा नसतो. नकलाकाराच्या नकलेत टिंगल असते. परीक्षेतल्या नकलेत चोरी. जपानी ‘मोशा’, म्हणजे जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल, पहिल्या अर्थाची आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवायला जपानी चित्रकार अराई कांपो १९१७-१८मध्ये आला, ते काम मोशाचेच. (त्या नकला पुढे १९२३च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाल्या.) चोरीसाठी जपानीत ‘पाकुरी’ असा वेगळा शब्द आहे, आपला ‘ढापणे’ त्याच्या शेजारचा.

टिपणवही
आणि लाकडी ठशांची चित्रे करणारा हिरोशिगे? त्याच्या एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, शंभर दृश्यांची (१८५६–५८) चित्रमालिका मुराकामीने ब्रुकलिन संग्रहालयाच्या २०२४च्या प्रदर्शनासाठी रंगवून काढली. तिथे ‘बेतलेली’ जरा सैल वाटते.

करडी शाई
तिथे ‘कित्ता गिरवला’ निःसंकोच लिहा. मांडणी हिरोशिगेची, नाव हिरोशिगेचे. लाकडी ठशाचे छोटे चित्र मोठ्या कॅनव्हासवर नेले की पहिली अडचण छटांची येते. ठशावर ओला रंग पुसत पुसत फिका करून आकाशाची छटा एका दाबात कागदावर उतरते. ॲक्रिलिक भराभर वाळते, म्हणून तीच छटा तुकड्यातुकड्याने जुळवावी लागते, आणि सांधे दिसले की आकाशाला पट्टे पडतात. व्हॅन गॉगने १८८७मध्ये हिरोशिगेची प्लमची बाग चौकोन पाडून मोठी केली, तोही कित्ताच. फक्त कडेला त्याने जपानी अक्षरांच्या नारिंगी पट्ट्या पदरच्या घातल्या.

बोरू
एक नाते राहिले. तावाराया सोतात्सूने सतराव्या शतकात वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव घडीच्या सोनेरी पडद्यांवर काढले. ओगाता कोरिनने (१६५८–१७१६) ते जवळपास गिरवले, बाह्यरेषा इतक्या जुळतात. पण सोतात्सूच्या देवाची ढोलकी चौकटीबाहेर कापली जाते, कोरिनने ती आत घेतली आणि देव एकमेकांकडे पाहू लागले. आणखी शंभर वर्षांनी साकाई होइत्सूने कोरिनचे गिरवले. तिघांपैकी कुणी कुणाला भेटलेले नाही. अशा न भेटलेल्या गुरूकडून शिकण्याला जपानीत ‘शिशुकू’ म्हणतात. त्याला ‘घराणे’ म्हणू नये, घराण्यात समोर बसून तालीम घ्यावी लागते. आपल्याकडे यासाठी एकलव्य आहे.

होइत्सू पुढे आणखी एक करतो. कोरिनच्या त्याच पडद्यांच्या पाठीवर तो रुपेरी पार्श्वभूमीवर गवते काढतो: मेघदेवामागे पावसाने वाकलेली उन्हाळी, वायुदेवामागे वाऱ्याने झोडपलेली शरदातली. याला ना कित्ता म्हणता येईल, ना प्रेरणा. हा कलगीतुऱ्यातला जवाब आहे.

कोपरखळी
संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर सरळ छापत: ‘चाल – अमुक’. शब्द नवे, चाल जुनी, आणि ते उघड. मुराकामीच्या ड्रॅगनखाली ‘चाल – शोहाकू’ इतके पुरे.

मात्रावेलांटी
मान्य, आणि हा प्रयोग वाक्यातही चालतो: ‘शोहाकूच्या चालीवर’. फक्त मुराकामीने आपल्या खोली नसलेल्या, सपाट शैलीला दिलेल्या ‘सुपरफ्लॅट’ या नावाचे ‘अतिसपाट’ करू नका. मराठीत अभिनय सपाट असतो, आवाज सपाट असतो, दोन्ही नावे ठेवण्यासाठीच. तो शब्द आहे तसा देवनागरीत राहू द्या.

टिपणवही
तर ड्रॅगनला ‘-वरून’, हिरोशिगेला ‘कित्ता’, होइत्सूला ‘जवाब’. ‘प्रेरणा’ सध्या खोडली आहे. मातबेईच्या क्योतो नगरीवरून केलेल्या १३ मीटरच्या चित्राचे काय?

करडी शाई
मातबेई नव्हे, माताबेई. त्या चित्रात मूळच्या गर्दीत मुराकामीची स्वतःची पात्रे घुसवली आहेत. जुन्या पोथीत नव्या ओव्या घालतात ना, तसे. क्षेपक.